उजव्या खांद्यावरचा पदर

१

वर्षा बोरसेनं स्टुडिओचं शटर वर ढकललं, दिवा लावला आणि पर्स ठेवायच्या आधी भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे पाहिलं. काल संध्याकाळी त्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात नुसती तपकिरी भिंत रंगवलेली होती. आज त्या भिंतीवर सही होती.

पांढऱ्या रंगातली ऐटबाज सही. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. चेतन. तिनं हलकेच बोट लावलं. रंग पुरता वाळला नव्हता.

वर्षा कापडावरची डिझाइनं करायची. उधन्यात दोन खोल्यांचा तिचा स्टुडिओ होता. पण सुरतच्या कापडबाजारात तिचं नाव निराळ्याच कामासाठी घेतलं जाई. कुणाच्या साडीचं डिझाइन कुणी उचललं असा तंटा झाला, की व्यापारी दोन्ही साड्या काखोटीला मारून तिच्याकडे येत. वर्षा दोन्ही शेजारी पसरायची, चहा प्यायची, आणि अस्सल कोणतं अन् नक्कल कोणती ते सांगून टाकायची. नक्कल करणारा वस्तू उचलतो, तिच्यामागचं कारण त्याच्या हाती लागत नाही, असं तिचं म्हणणं.

चित्र तिच्या मावसभावाचं, गजेंद्रचं. तो कामरेजला हायवेवर खान्देशी जेवणाचं हॉटेल काढत होता. पलसाण्याची एक डाइंग मिल बंद पडली, तिच्या सामानाचा लिलाव झाला. गजेंद्रनं तिथून टेबल-खुर्च्या उचलल्या, आणि त्याच ढिगात हे चित्र आलं. चांगलं दरवाजाएवढं रुंद, कागदावर रंगवून प्लायवूडवर डकवलेलं, वर वार्निश. चाळींची एक गल्ली वरून पाहिल्यासारखी दिसत होती. पिंपळाचा पार, पिठाची गिरणी, ओट्यावर मशीन मांडून बसलेला शिंपी, केस वाळवत बसलेली बाई, हातगाडी, म्हैस, पोरं. एका दारात आकाशकंदील, दुसऱ्या दारात उघडलेली छत्री, तारेवर अडकलेला पतंग. रंग असे की नजर सुटू नये. पण चित्रावर नाव मात्र नव्हतं.

"ताई, कुणी काढलंय तेवढं शोधून दे," गजेंद्र म्हणाला होता. "रविवारी उद्घाटन आहे. खाली पितळी पट्टी लावायचीय."

म्हणून मिलच्या डिझाइन खात्यातली सापडली ती माणसं वर्षानं काल बोलावली. तिघं आली. एकजण चेतन. तरुणपणी तो मिलमध्ये ज्युनिअर डिझायनर होता, आता सुरतेत नावाजलेला चित्रकार. दुसरे दगा महाजन, साठीला आलेले, मिलमध्ये आयुष्यभर डिझाइनं ट्रेस केलेली. आणि तिसरी ज्योती, डिझाइन खात्याचे मुख्य राघो मास्तर यांची मुलगी. मास्तर वारले होते.

दगाकाका चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. एकदा त्यांनी तळहात चित्रावर ठेवला, आणि वर्षानं विचारलं तेव्हा घाईनं म्हणाले, "मला नाही माहीत कुणी काढलं." चहा न घेताच गेले. मग ज्योती गेली. चेतन सगळ्यांत शेवटी निघाला. एका व्यापाऱ्याचा फोन आला म्हणून वर्षा आतल्या खोलीत होती, तेवढा वेळ तो चित्राजवळ एकटाच होता.

वर्षानं चेतनला फोन लावला. तो नाही म्हणेल, उखडेल, अशी तिची अटकळ होती.

"हो, मीच सही केली," चेतन शांतपणे म्हणाला. "माझंच चित्र आहे, वर्षाबेन. तेव्हा राहून गेली होती."

२

चेतनचा आर्ट क्लास अडाजणला होता. गजेंद्र हट्टानं बरोबर आला. त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटलाच होता. एवढा नामांकित माणूस स्वतःहून हो म्हणतोय, आणखी काय हवं?

चेतननं दोघांना आदरानं बसवलं. भिंतीवर त्याची चित्रं होती. ज्या चित्रांनी त्याचं नाव झालं तीच. गर्दीच्या गल्ल्या, वरून पाहिलेल्या. त्या आणि लिलावातलं चित्र यांचं नातं आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बघा की," तो म्हणाला. "माझ्या सगळ्या कामाचं मूळ ते आहे. माझ्या चित्रांचं पुस्तक छापायला जातंय. पहिल्या पानावर हेच घेणार."

"कुठली गल्ली आहे सर ही?"

"भेस्तानकडची. पॉवरलूमच्या शेडमागे चाळी होत्या."

"आणि तुम्ही काढलंत कसं?"

"एका चाळीच्या गॅलरीत उभं राहून. दोन-तीन रविवार गेलो असेन. समोर दिसेल ते काढत गेलो."

"फोटो काढून नंतर घरी रंगवलं असं नाही?"

चेतनच्या कपाळाला आठी पडली. "फोटोवरून मी आजवर एक रेघ ओढलेली नाही. कुणालाही विचारा."

वर्षा मनात म्हणाली, हे बरं झालं, एक पळवाट बंद झाली. "तुकडे जोडलेत चित्रात," ती पुढे म्हणाली. "वार्निशखाली सांधे दिसतात. पाटाएवढे पाटाएवढे कागद."

"तेव्हा मोठा कागद कुठे मिळायचा आम्हाला."

वर्षानं ते ऐकून ठेवलं. मिलच्या डिझाइन खात्यात हव्या तेवढ्या लांबीचा कागद गुंडाळ्यांनी पडलेला असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण कागदाचे दिवस कुणाला आठवतात, कुणाला नाही. एवढ्यावरून माणसाला खोटं पाडता येत नाही.

उठता उठता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्यातल्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर आहेत. तुमच्या या चित्रांमध्ये मात्र डाव्या खांद्यावर."

"तिथली वस्ती गुजराती होती ना," चेतन हसून म्हणाला. "जसं दिसलं तसं काढलं."

खाली आल्यावर गजेंद्र म्हणाला, "झालं ना समाधान? पट्टीची ऑर्डर देऊन टाकू?"

"थांब जरा," वर्षा म्हणाली. "गुजराती पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, छातीवर पसरतो. या चित्रातल्या बायकांचा पदर खांद्यावरून मागे गेलाय, पाठीवर. असा पदर गुजरातेत घेत नाहीत, आपल्याकडेही नाहीत. मग कुठल्या बायका या?"

३

ज्योती भेस्तानला एका शाळेत शिकवायची. वर्षा घरी गेल्यावर तिनं आपल्या वडिलांचा फोटो दाखवला. राघो मास्तर टेबलावर वाकलेले, हातात कुंचला. वर्षानं फोटो जवळ घेतला आणि तिचे डोळे चमकले.

"डाव्या हातात कुंचला?"

"बाबा डावरे होते," ज्योती म्हणाली.

वर्षानं मोबाइलवर चित्राचा फोटो उघडून मोठा केला. शिंपी डाव्या हातानं मशीनचं चाक फिरवत होता. गिरणीवाला डाव्या हातानं पीठ भरत होता. पारावर जेवायला बसलेला म्हातारा घास घेत होता तोही डाव्या हातानं. अख्खी गल्लीच डावरी. डावऱ्या माणसानं काढली म्हणून? क्षणभर तिला वाटलं, आपण पोचलो.

पण तो विचार फार टिकला नाही. डावरा चित्रकार जग उलटं पाहत नाही. राघो मास्तरांनी उजव्या हाताचा शिंपी उजव्याच हाताचा काढला असता. शिवाय शिवणाच्या मशीनचं चाक कुठल्याही कंपनीचं असो, बसणाऱ्याच्या उजव्या हाताला असतं. या चित्रात ते डावीकडे होतं.

"ज्योती, खरं सांग. हे चित्र तुझ्या बाबांचं असेल असं तुला वाटतं का?"

ज्योतीनं फोटो परत हातात घेतला. "काल आले तेव्हा मनात होतं, असावं. त्यांच्या नावावर काहीच राहिलं नाही हो ताई. आयुष्यभर मिलसाठी फुलं काढली, ती फुलं साड्यांबरोबर गेली." तिनं फोटो परत भिंतीवर लावला. "पण त्यांचं नाही ते. त्यांनी ते फक्त जोडलं. माझ्या डोळ्यांसमोर, आमच्या स्वयंपाकघरात. मी लहान होते, खळीचं भांडं धरून बसले होते. रंगवलेले कागद गुंडाळी करून कुणीतरी मिलमध्ये दिले होते त्यांना. बाबा एकेक तुकडा लावून बघत होते, आणि सारखे म्हणत होते, 'काय हात आहे, काय हात आहे.'"

"चेतनसरांचे कागद?"

"नाव घेतलं नाही त्यांनी. पण चेतनसर तर मिलमध्ये मागाहून लागले. चित्र भिंतीवर लागलं तेव्हा ते आलेलेच नव्हते."

म्हणजे चेतन बाद झाला. पण त्याला खोटं ठरवून चित्रकार थोडाच सापडत होता? मास्तरांना ते कागद कुणी दिले, हे सांगणारं माणूस आता जगात उरलं असेल का, याचीच शंका होती.

"ती गल्ली अजून आहे का?" वर्षानं विचारलं.

४

गल्ली होती. पॉवरलूमच्या शेड्स मोडून तिथे गोदामं झाली होती, अर्ध्या चाळी पाडून इमारती उठल्या होत्या, पण पिंपळ आणि त्याचा पार जागच्या जागी होता. एका ओट्यावर उषाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. धुळ्याकडून लग्न होऊन इथे आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, असं ज्योतीनं सांगितलं होतं.

वर्षा शेजारी टेकली. दोघींचं गाव निघालं, आडनाव निघालं, आणि मग वर्षानं मोबाइल पुढे केला. "मावशी, ही तुमचीच गल्ली ना?"

उषाबाईंनी चष्मा लावला. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि मग ते अर्ध्यावर थांबलं.

"नही वं पोरी," त्या म्हणाल्या. "हाई आपली गल्ली नही शे."

"पण पिंपळ आहे, पार आहे."

"शे, सगळं शे. पन देख ना, पार तठे पाहिजे, गिरणी आठे. हाई सारखी दिसस, पन आपली नही." त्यांचं बोट पडद्यावर सरकलं. "हाऊ बळीराम शिंपी. अगदी तोच. पन बळीराम असा डाव्या हाताचा नव्हता. आणि..." त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. केस वाळवत बसलेल्या बाईवर बोट ठेवलं. "हाई मी शे."

"तुम्ही?"

"हनुवटीवर गोंदण देख." खरंच त्यांच्या हनुवटीवर हिरवे तीन ठिपके होते, आणि चित्रातल्या बाईच्याही. "पन असा उजवा खांदावर पदर मी जल्मात घेतला नही. आठे तर सगळा खान्देशना लोक. गुजरातीचं एक घर नव्हतं."

वर्षानं पडद्यावरचं चित्र पुन्हा न्याहाळलं. ओळखीची माणसं, पण गल्ली अनोळखी. हात तेच, पण बाजू दुसरी. आणि एकदम तिला स्वतःचाच राग आला. दिवसभरात शंभरदा ती हेच करायची. साडीच्या काठावरची कोयरी एकदा काढायची, आणि समोरची करायला कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं.

तिनं मोबाइलवर चित्र उलटवलं. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे.

पदर डाव्या खांद्यावर आले. शिंप्याच्या मशीनचं चाक उजव्या हाताला गेलं. म्हाताऱ्यानं उजव्या हातानं घास उचलला. गिरणीवर एक पाटी होती, तिच्यावरच्या रेघोट्या वर्षाला आजवर कुठल्याच लिपीतल्या वाटल्या नव्हत्या. आता तिथे गुजराती अक्षरांत स्वच्छ 'घंटी', म्हणजे गिरणी, असं लिहिलेलं दिसत होतं.

उषाबाईंनी पुन्हा पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या. "आते आपली."

वर्षा मोबाइल घेऊन पारापाशी गेली. पार कुठे, गिरणी कुठे, कुणाचं छप्पर कुणाच्या आड येतं, हे चित्राशी ताडत ती मागे मागे सरली, आणि मग वळून वर पाहिलं. जुन्या चाळीचा पहिला मजला. गॅलरी नव्हतीच तिथे. नुसती एक खिडकी होती.

"मावशी, तिथे कोण राहायचं?"

उषाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांचा आवाज उतरला.

"तठे? दगा महाजन."

५

दगाकाका. चहा न घेता गेलेले.

"मग काकांनीच काढलं की," गजेंद्र फोनवर म्हणाला.

"काकांना हातपाय होते," वर्षा म्हणाली. "ते खिडकीत उभे राहून सरळ बघू शकत होते. हे चित्र ज्यानं काढलं त्यानं गल्ली कधी सरळ पाहिलीच नाही. त्यानं ती आरशात पाहिली. पाटीवरची अक्षरंसुद्धा आरशात दिसली तशीच उतरवली. खिडकी हाताशी असताना आरशात कोण बघतं, गजा?"

"कोण?" गजेंद्रनं विचारलं.

"ज्याला खिडकीपर्यंत येता येत नाही, तो. आणि हे दोन-तीन रविवारचं काम नाही. चित्रात छत्री आहे, आकाशकंदील आहे, उत्तरायणाचा, संक्रांतीचा पतंग आहे. वर्षभर बघितलंय त्यानं. कागद एवढाले का, ते सांगू? पाटाएवढा कागद पाटावर ठेवता येतो, आणि पाट पडल्या पडल्या छातीवर ठेवता येतो."

उषाबाईंनी तिला तेवढ्यात उरलेलं सांगितलं होतं, मान खाली घालून. दगानं नवी नवरी आणली. सहा महिन्यांत तिच्या मणक्याला क्षय झाला. दवाखान्यानं सांगितलं, उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. गल्लीत क्षय म्हटल्यावर माणसं त्या जिन्याकडे फिरकेनाशी झाली. पोरांना तर तिकडे खेळायलाही बंदी. पुढे ती बरी झाली असं कानावर आलं, आणि दोघं घर बदलून गेली. तिचा चेहरा उषाबाईंनी धड पाहिलाही नव्हता. नाव तेवढं ऐकलेलं, सुंदरा.

दगाकाकांचं नवं घर तिथून फार लांब नव्हतं. दार त्यांनीच उघडलं. वर्षाला पाहताच त्यांनी मागे वळून आत बघितलं आणि तिला जिन्यापाशी बाहेर घेतलं.

"चित्र काकूंचं आहे," वर्षा म्हणाली.

त्यांनी नाही म्हटलं नाही. कठड्याला धरून उभे राहिले. "मिलमधून उरलेले रंग आणायचो वाट्यांत," हळूहळू ते बोलू लागले. "माहेरी लग्नाच्या भिंती रंगवायची ती. नुसतं छत बघत पडायची, तर खिडकीला आरसा बांधून दिला. म्हटलं, गल्ली तरी दिसेल. मग काढत बसली. एक झाला की दुसरा कागद. झालेला कागद मी काढून घ्यायचो, गादीखाली ठेवायचो."

"मग काल सांगितलं का नाही?"

"बरी झाली, उठून बसली, त्या दिवशी आरसा फोडला तिनं. म्हणाली, त्या दिवसांतलं काही घरात नको, हे सगळं खाडीत फेकून या." दगाकाकांनी डोळे पुसले. "मी गेलो खाडीपर्यंत. हात होईना. तसाच मिलमध्ये गेलो, मास्तरांना दिलं. नाव कुणाचं ते सांगू नका म्हटलं. घरी येऊन सांगितलं, फेकलं. एवढी वर्षं तिच्याशी तेवढं एकच खोटं बोललोय मी. चेतनला हवंय तर चेतनचं नाव लागू द्या."

 वर्षाचा शोध पुरा झाला होता, पण तो उघड करायचा हक्क आपला आहे का, याची तिला खात्री नव्हती.

"कसानं नाव?"

दोघं वळले. दारात सुंदराकाकू उभ्या होत्या, हात पिठाचे, पदर डाव्या खांद्यावर खोचलेला.

६

त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही. पिठाचे हात तसेच धरून लांबूनच पाहिलं. मग जवळ आल्या. मग पदराला हात पुसले आणि मोबाइल घेतला.

"हाई कोनी जोडं?" त्यांनी विचारलं. "कुणी जोडलं हे?"

"राघो मास्तरांनी," वर्षा म्हणाली.

काकूंनी मान हलवली. त्यांनी हे चित्र कधी पाहिलंच नव्हतं. तुकडे काढले होते, एकेक, छातीवरच्या पाटावर, आणि झालेला तुकडा नजरेआड गेला होता. पिंपळ एका कागदावर, त्याची सावली दुसऱ्या. सगळं एका जागी आलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"म्हस माले जमनी नव्हती," त्या एवढंच म्हणाल्या. मोबाइल वर्षाला परत दिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "खाडीमा फेकं व्हतं ना तुम्ही?"

 काकू आत गेल्या. नंतरचे दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत, असं त्यांनीच पुढे वर्षाला सांगितलं; जेवायला वाढलं, चहा दिला, पण शब्द नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, त्यांनी ट्रंकेतलं जरीचं लुगडं काढलं आणि म्हणाल्या, "कामरेजला गाडी किती वाजता शे?"

७

गजेंद्रच्या हॉटेलात माणसांची दाटी होती. भरीत-भाकरीचा वास हायवेपर्यंत जात होता. चित्र समोरच्या भिंतीवर लावलं होतं, खाली पितळी पट्टीची जागा मोकळी. चेतन पांढऱ्या कुर्त्यात आला होता, बरोबर त्याचं पुस्तक छापणारे गृहस्थ होते.

वर्षानं त्याला बाजूला घेतलं. चारचौघांत माणसाला उघडं पाडायची तिला हौस नव्हती. "सर, ज्या चाळीच्या गॅलरीतून तुम्ही चित्र काढलंत, तिला गॅलरी नाही," ती म्हणाली. "वस्ती गुजराती नव्हती. आणि तुम्ही मिलमध्ये लागलात तेव्हा चित्र आधीच भिंतीवर होतं, असं ज्योती सांगते."

चेतन तयारीचा माणूस होता. त्यानं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात दगाकाका आणि सुंदराकाकू आत आले. काकू कुणाकडे न बघता सरळ चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तोल सावरायला एक हात कमरेवर, मान किंचित कलती. पडून काढलेलं चित्र उभं राहून बघताना त्यांची मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला होत होती. मग त्यांनी बोट उचललं आणि हवेतच गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. प्रत्येक सांध्यापाशी ते बोट थोडं थांबलं. लांबून तर सांधे दिसतही नव्हते.

चेतन बघत राहिला. "या?" त्यानं विचारलं.

"या. आरशात बघून. वर्षभर उताणं पडून."

 "मिलमध्ये माझं टेबल या चित्रासमोर होतं," चेतन म्हणाला. "इतकी वर्षं मी तेच काढत आलोय, वर्षाबेन. मिलच्या लिलावाची बातमी कळली तेव्हा वाटलं, आता सगळे हे बघणार आणि मला विचारणार. सगळं माझ्यासारखंच, पण माझ्या चित्रांत हे येत नाही. काय, तेच कधी कळलं नाही मला."

गजेंद्रनं रागानं काही म्हणायच्या आत चेतननं स्वतःच कापसाचा बोळा आणि स्पिरिट मागवलं. सुंदराकाकूंना नमस्कार करून त्यानं कोपऱ्यातली सही सावकाश पुसली. वार्निशवरचा ताजा रंग, सहज निघाला. पुस्तक छापणारे गृहस्थ पहिल्या पानाचं काय म्हणून विचारू लागले, तेव्हा "पहिलं पान काढून टाका" असं सांगून तो त्यांना घेऊन बाहेर गेला. जेवायला थांबला नाही.

"काकू, तुम्ही सही करा आता," गजेंद्र कुंचला पुढे करत म्हणाला.

"आते नको," काकू म्हणाल्या. "पट्टीवर टाक काय टाकानं ते. आखो ह्यासनं नाव बी टाक." त्यांनी दगाकाकांकडे हात केला. दोन दिवसांत त्यांच्याबद्दल काढलेला तो पहिला शब्द होता. दगाकाका खांबाआड जाऊन उभे राहिले.

वर्षानं उषाबाईंनाही बोलावलं होतं, पण त्या येतील याची तिला खात्री नव्हती. त्या आल्या, दारातच घुटमळल्या. मग काठी टेकत चित्रापर्यंत गेल्या आणि सुंदराकाकूंशेजारी उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे नाही, चित्राकडेच बघत होत्या.

"दुपारना तुम्ही केस सोडी बठेत," सुंदराकाकू म्हणाल्या. "बळीराम शिंपी लाजे, मशीन थांबाडे."

उषाबाईंना हसू आलं आणि मग ते राहिलं नाही. "तू आमले रोज देखे," त्या म्हणाल्या. "आम्ही तुले एक डाव बी देखं नही. दहा पायऱ्या चढणं होत्या. मी नही चढनू."

सुंदराकाकू वळल्या. जरीचा पदर नीट केला आणि त्यांच्यापुढे सरळ उभ्या राहिल्या.

"मंग आते देखी ल्या," त्या म्हणाल्या.

उषाबाईंनी चष्मा पुसून डोळ्याला लावला आणि त्यांच्याकडे पाहिलं, कपाळापासून पायापर्यंत, नवी सून पहिल्यांदा दारात आल्यावर बघतात तसं. मग जवळची खुर्ची ओढली, दुसरी त्यांच्याकडे सरकवली, आणि विचारलं, "पोरं कितला शेतस तुले?"